कुंकू लावलेली डिस्क

हरेश्वरच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मधल्या पेरापासून वाकडं आहे. लालबागच्या त्याच्या चाळीत नव्याने राहायला आलेली माणसं समजतात, गिरणीत कापड विणायच्या साच्यात सापडलं असणार. तो कुणाचा समज दुरुस्त करत नाही. साच्याने मात्र त्याला कधी ओरखडाही काढला नव्हता.

मूळचा तो वरळी कोळीवाड्यातला. काकाच्या होडीवर तीन वेळा गेला आणि तिन्ही वेळा ओकून ओकून हैराण झाला. "कोळ्याचा पोर आणि दर्या लागतो," म्हणत काकाने कपाळावर हात मारला आणि त्याला ओळखीने गिरणीत चिकटवलं. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पुढची चौदा वर्षं त्याने साचेखात्यात फिटर म्हणून काढली. त्याचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, राजाराम याने पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं, "पट्टा उतरवल्याशिवाय आत हात घालायचा नाही. जाताना मेन पाडल्याशिवाय जायचं नाही. आणि खंडेनवमीला हत्यार पूजेत ठेवलं की दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही. यातलं एक जरी चुकलास, तर तुझी बायको हार घातलेल्या फोटोपुढे जेवेल."

राजाराम आणखी एक गोष्ट सांगायचा. पूजा चालत्या यंत्राचीच करायची. बंद पडलेल्या साच्याला कुंकू लावलं तर यंत्रं खोटं बोलायला शिकतात. हरेश्वरने हे सगळं गाठीला बांधलं होतं.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला. ऑगस्टपर्यंत घराघरातली भांडी बाजारात गेली आणि काही जण तोंडाला पंचा गुंडाळून, पोलिसांच्या गाडीमागून गिरणीत कामावर जायला लागले. अशाच एका सकाळी हरेश्वर गेटसमोरच्या पानाच्या ठेल्याजवळ उभा होता. शेजारी त्याच्याच खात्यातला शिवा, हातात लोखंडी कांब. समोरून सहा माणसं चालत आली, सहाही चेहरे झाकलेले.

"यातला आपल्या खात्यातला कुठला रे, हऱ्या?" शिवाने विचारलं.

हरेश्वरने चालीवरून ओळखलं. विठोबा डावा पाय जरा ओढत चालायचा. विठोबा त्याच्याच चाळीतला, वरच्या मजल्यावर चौतीस नंबरमध्ये राहणारा. त्याची मुलगी तापाने फणफणलेली होती, हेही हरेश्वरला ठाऊक होतं. तरी बोट वर गेलं. कसं गेलं, कुणास ठाऊक. सात महिन्यांच्या उपासमारीचा राग होता, शिवाच्या कांबीची भीती होती, की नुसतं विचारलं म्हणून सांगितलं, ते त्याला आजही नीट सांगता येत नाही.

चौघांनी विठोबाला ओढून फुटपाथवर आणलं. पंचा सुटून तोंड उघडं पडलं. शिवाने त्याचा उजवा हात फुटपाथच्या दगडी कडेवर ठेवून त्यावर गुडघा दिला आणि कांब घातली. पहिल्या घावाला विठोबा ओरडला, दुसऱ्याला ओरडला, तिसऱ्याला फक्त त्याचं तोंड उघडलं. दगडावर रक्त आणि बोटांचा चेंदा एक झाला होता. हरेश्वर ठेल्याच्या फळीला धरून उभा होता. केईएम हॉस्पिटलात विठोबाची तीन बोटं काढली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. बोट कुणी दाखवलं, हे त्याला तेव्हा कळलं नाही.

गिरणी पुन्हा धड सुरू झालीच नाही. हरेश्वरने प्रभादेवीला वॉचमनकी केली, सामानाच्या हातगाड्या ओढल्या आणि मग दादरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये झाडलोट धरली. तिथे बिघडलेली यंत्रं उघडली जात तेव्हा तो झाडू टेकवून बघत राही. एकदा त्याने एका कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला आणि म्हणाला, "याची डिस्क आठवडाभरात जाणार." पाचव्या दिवशी ती गेली. साच्याला कान लावून बेअरिंग ओळखणाऱ्या माणसाला डिस्कची टकटक ऐकू येणारच. क्लासच्या मालकाने त्याच्या हातातला झाडू काढून स्क्रूड्रायव्हर दिला. चाळिशी ओलांडल्यावर हरेश्वर पुन्हा फिटर झाला.

चाळीच्या तळमजल्यावर रहिवासी संघाची खोली होती, तिथलं जुनं कॉम्प्युटर त्यानेच जोडलेलं. दोन हजार तीन साली मालकाने चाळ एका बिल्डरला विकली आणि बिल्डर म्हणू लागला की बासष्टपैकी निम्म्याहून जास्त खोल्यांत घुसखोर राहतात. म्हणून संघाचे अध्यक्ष अप्पा यांनी सगळ्यांच्या जुन्या भाडेपावत्या गोळा केल्या. हरेश्वरने चार महिने खपून एकेक पावती स्कॅन केली. पहिल्या चौदा खोल्या झाल्या आणि जुनी डिस्क टकटक करायला लागली. त्याने नवी डिस्क आणली, नव्या पद्धतीची विंडोज तिच्यावर बसवली, चौदा खोल्या तिच्यावर उतरवून घेतल्या आणि उरलेलं सगळं काम तिथेच केलं. जुनी आतच राहू दिली. यंत्र सुरू होताना डिलीटचं बटन दाबलं की निळा सेटअप उघडतो. कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं, ते तिथे यंत्राला सांगता येतं. नवीवरून सुरू केलं तर दोन्ही डिस्का दिसत. जुनीवरून सुरू केलं, तर तिच्यावरच्या जुन्या विंडोजला नवी डिस्क ओळखताच येत नसे. पडद्यावर ती आहे की नाही, याचा पत्ताही लागत नसे.

गणपतीनंतर संघाच्या खोलीतलं कपाट जळालं. कॉम्प्युटर पलीकडच्या भिंतीला होतं, म्हणून वाचलं. अस्सल पावत्या गेल्या, आणि त्यांच्याजवळच ठेवलेली सीडीही वितळून गेली. कागदावर शॉर्टसर्किट लिहिलं गेलं. आता बासष्ट बिऱ्हाडांचा पुरावा एका डिस्कवर उरला होता, आणि दसऱ्यानंतरच्या मंगळवारी बिल्डरच्या दाव्याची सुनावणी होती.

खंडेनवमीच्या सकाळी संघाच्या खोलीत हरेश्वरने स्क्रूड्रायव्हर, पक्कड, पाने धुऊन पाटावर मांडले. डब्याचा कडेचा पत्रा नुसता सरकवून ठेवलेला असे. तो काढून त्याने नव्या डिस्कला हळदकुंकू वाहिलं, डब्याला झेंडूचा हार घातला. तेवढ्यात त्याची बायको मालन बाजारातून धापा टाकत आली.

"अहो, शिवा नाक्यावर उभा आहे. सोबत दोन माणसं. संघाचं कॉम्प्युटर कुठल्या खोलीत म्हणून विचारत होता. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशव्या बघतायत."

शिवा आता बिल्डरची माणसं सांभाळत होता.

"ती डिस्क काढा आणि माझ्या तांदळाच्या डब्यात टाका," मालन म्हणाली.

"स्क्रू आहेत तिला. चार."

"मग घ्या ना स्क्रूड्रायव्हर!"

"पूजेत ठेवलाय."

"देवी काय तुमच्यासारखी खुळी आहे? समजून घेईल ती!"

पण हरेश्वरचा हात पाटाकडे जाईना. एकोणऐंशीच्या खंडेनवमीला एका फिटरने पूजेतला पाना उचलला होता आणि आठवड्यात त्याचा दंड पट्ट्यात गेला होता. ते हाड हरेश्वरने स्वतः गोळा केलं होतं. हत्यार उचलणं त्याला जमलं नाही. जे जमलं, ते त्याहून वाईट होतं. त्याने यंत्र सुरू केलं, सेटअप उघडला, जुन्या डिस्कवरून सुरू व्हायला सांगितलं आणि दुसरीकडून सुरू होण्याच्या बाकी वाटा बंद केल्या. मग ओल्या फडक्याने नव्या डिस्कवरचं कुंकू पुसलं आणि मरायला टेकलेल्या जुन्या डिस्कला लावलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने खोटी पूजा केली. पत्रा लावला आणि सवयीप्रमाणे, राजारामने शिकवल्याप्रमाणे, मेन स्विच पाडला.

साडेअकराला दाराला लाथ बसली. शिवा आत आला, मागून भिवा नावाचा एक पोरगा आणि आणखी एक दांडगा. त्या दांडग्याने मालनला केस धरून कोपऱ्यात ढकललं. तिचं डोकं भिंतीवर आपटलं. शिवाने आल्या आल्या ट्यूबलाइट फोडली. काचा पूजेच्या पाटावर पडल्या.

"काय हऱ्या. वळखलंस ना?"

"शिवा, आज खंडेनवमी..."

कांब गुडघ्यावर बसली. हरेश्वर खाली कोसळला. दुसरा फटका बरगडीत.

"मला खंडेनवमी शिकवतो? सुरू कर ते."

शिवाने हार तोडायला हात घातला. त्याआधी तो हात नकळत कपाळाला लागून आला होता. हरेश्वरने ते पाहिलं. मग शिवाने हार ओरबाडून जमिनीवर टाकला आणि त्यावर पाय दिला.

हरेश्वरने मेन वर केला, बटन दाबलं. पडदा काळा झाला आणि वर तारीख उमटली, एक जानेवारी. खाली इंग्रजीत ओळ होती की सेटिंग हरवलं आहे, पुढे जायला एफ-वन दाबा, सेटअपसाठी डिलीट.

यंत्राच्या पोटात रुपयाएवढा एक सेल असतो. वीज नसताना सगळं लक्षात ठेवायचं काम त्याचं. रोज संध्याकाळी मेन पाडून पाडून हरेश्वरने तो सेल पार संपवला होता. यंत्र सकाळचा शब्द विसरलं होतं. आता कुणी एफ-वन दाबलं की ते आपल्या मूळ रीतीने पहिल्या जागेवरच्या, म्हणजे नव्या डिस्कवरून सुरू होणार आणि बासष्ट खोल्या शिवाच्या डोळ्यांपुढे मांडणार.

"एफ-वन मार ना," भिवा म्हणाला. त्याने कुठेतरी सहा महिन्यांचा क्लास केला होता. "माझ्याकडंपण असंच व्हतं." आणि त्याने हात पुढे केला.

हरेश्वरने उजवा पंजा कीबोर्डवर पसरून बटनं झाकली.

"हात काढ," शिवा म्हणाला.

त्याने काढला नाही. कांब खाली आली. पहिल्या बोटाचं हाड मोडल्याचा आवाज सुकी काटकी मोडावी तसा झाला. दुसरा घाव मनगटावर. कीबोर्डची चार बटनं उडून जमिनीवर पडली. तोंडातून किंकाळी बाहेर पडत असताना हरेश्वरच्या डाव्या हाताने डिलीट दाबलं होतं.

"ऐक... ऐक, शिवा," तो रडत म्हणाला. "सेल गेलाय. यंत्र विसरलंय. कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते हाताने सांगावं लागतं. नाही सांगितलं तर उघडणार नाही. मग तुला काय दाखवू?"

शिवाने भिवाकडे बघितलं. भिवा निळ्या पडद्याकडे बघून मान हलवत म्हणाला, "हां, हां. सेटअप. करू दे त्याला." आपल्याला कळतं हे दाखवायची ही एकच संधी होती, ती त्याने सोडली नाही.

उजव्या हाताचं रक्त मांडीवर ठिबकत होतं. डाव्या हाताने हरेश्वर एकेक ओळ खाली गेला. पहिली डिस्क होती तिथे दुसरी केली. बाकी वाटा बंद केल्या. जपून ठेव, होय. तिघांच्या डोळ्यांदेखत त्याने यंत्राला हवं ते सांगितलं आणि तिघांतल्या एकालाही ते कळलं नाही. पडद्यावर जुन्या विंडोजचे ढग आले. आतून टकटक ऐकू येत होती.

भिवाने फोल्डर उघडला. खोली एक, खोली दोन, खोली तीन. "ह्याच पावत्या. भेटल्या, शिवादादा."

"बंद कर. आणि काढ बाहेर ती डिस्क."

भिवाने यंत्र बंद केलं. हरेश्वर भिंत धरून मेनकडे सरकला. आत हात घालायचा तर पट्टा उतरवायलाच हवा.

"कुठं चाललास, पळतोस काय?" दांडग्याने त्याचा डावा हात मागे पिरगाळला. खांद्यात काहीतरी सुटलं. मेन तसाच चालू राहिला.

शिवाने पत्रा ओढून काढला. आत खाली-वर डिस्कच्या दोन सारख्या डब्या.

"दोन? कुठली रे, हऱ्या?"

तोच आवाज, तसाच प्रश्न. हरेश्वरने शिवाच्या तोंडाकडे बघितलं. उजवं बोट उचललं जाणार नव्हतं, आणि उचलता आलं असतं तरी त्याने ते उचललं नसतं. शिवाने त्याच्या तोंडावर बुक्की मारली. डावा डोळा मिटला. दुसरी मारली, ओठ फाटला.

"नको सांगू. त्या येळेला विठोबा दाखवताना बरं झटकन उठलं होतं बोट." शिवा वाकला आणि हसला. "मीपण साचेखात्यात बारा वर्षं काढलीत, भाड्या. पूजा चालत्या यंत्राची. कुंकू बघ कुठल्या डबीवर आहे ते."

त्याने कांब घालून जुनी डिस्क उचकटली, फरशीवर ठेवली आणि सोबत आणलेल्या हातोड्याने ठोकली. एक, दोन, पाच. आतल्या चकत्यांचे तुकडे हरेश्वरच्या गालाला येऊन लागले. शिवा मारतच राहिला, जसा दगडी कडेवर मारत राहिला होता.

"ही दुसरीपण फोडतो," म्हणत भिवाने हातोडा मागितला.

त्याच क्षणी मालनने कोपऱ्यातली पूजेची पितळी थाळी उचलली आणि दारात जाऊन बाजारातून आणलेल्या लाटण्याने बडवायला सुरुवात केली. संपाच्या काळात पोलीस चाळीत शिरले की बायका अशीच थाळी बडवत. दांडगा तिच्यावर धावला, तिने लाटणं त्याच्या नाकावर हाणलं. वरच्या तिन्ही मजल्यांवरून जिन्यात पावलं धडधडू लागली. कुणाच्या हातात विळी, कुणाच्या हातात पाण्याची बादली, शेजारच्या सुंदराबाईंच्या हातात तर उकळता चहा.

"चला, फुटा. झालंय काम," शिवा म्हणाला. जाता जाता त्याने हरेश्वरच्या पोटात लाथ घातली.

सोमवारी सकाळी हरेश्वर हॉस्पिटलातून घरी आला. उजवा हात प्लास्टरमध्ये, डावा झोळीत बांधलेला, दोन्ही डोळे सुजून चिरा उरलेल्या. संघाच्या खोलीत अप्पा डोकं धरून बसले होते. दुसरं कीबोर्ड आणून यंत्र सुरू करून पाहिलं होतं. डिस्क सापडत नाही, एवढंच ते म्हणत होतं.

"संपलं रे," अप्पा म्हणाले. "उद्या काय दाखवायचं? राख?"

हरेश्वरने विचारलं, "मेन कुणी पाडला होता का?"

"नाही. परवापासून तसाच आहे."

मग त्याला उमगलं. वीज चालू होती म्हणून या वेळी यंत्र विसरलं नव्हतं. शनिवारी रक्ताळल्या हाताने सांगितलेला शब्द त्याने धरून ठेवला होता आणि फुटून गेलेल्या डिस्कवरूनच ते सुरू होऊ बघत होतं. नवी डिस्क आत शाबूत होती. फक्त पुन्हा सांगायला हवं होतं. पण सांगायला त्याच्याकडे हात नव्हता, वाचायला डोळा नव्हता.

"मी दाबतो. बोल," दारातून आवाज आला. विठोबा. साठीचा झालेला, डावा पाय तसाच ओढत आत आला आणि खुर्चीवर बसला. अंगठा आणि करंगळी असलेला हात त्याने कीबोर्डवर ठेवला.

हरेश्वर त्या हाताकडे सुजल्या डोळ्यांनी बघत राहिला. मग म्हणाला, "अप्पा, जरा बाहेर थांबा. मालन, तूपण."

दार लागल्यावर तो उभ्यानेच बोलला. "विठोबा, गेटसमोर तू सहा जणांत होतास. तोंड झाकलं होतंस. शिवाने विचारलं कुठला, आणि मी तुझ्याकडे बोट दाखवलं. चालीवरून ओळखलं. हे तुला न सांगता तुझ्या हाताने हे काम करून घेणार नाही."

बाहेर कुणीतरी नळाखाली कळशी लावली, ती भरत आल्याचा आवाज आत येत होता. विठोबा उठला आणि त्याच दोन बोटांच्या हाताने त्याने हरेश्वरच्या तोंडात मारली. शिवलेला ओठ पुन्हा फुटला. दुसऱ्यांदा मारली. हरेश्वर भिंतीला टेकला, पण त्याने तोंड वळवलं नाही. विठोबाचा हात तिसऱ्यांदा वर गेला आणि तिथेच थांबला.

"माझी पोरगी त्या महिन्यात गेली," तो म्हणाला. "औषध आणायला हात नव्हता मला."

"माहीत आहे."

"उद्याची सुनावणी झाली की माझ्या मजल्यावर पाय ठेवायचा नाही. माझ्या तिरडीलापण यायचं नाही."

"नाही येणार."

विठोबाने हात शर्टाला पुसला, खुर्चीवर बसला, यंत्राचं बटन दाबलं.

"बोल. कुठलं बटन?"

"डिलीट. उजवीकडे वर. दाबत राहा, सोडू नकोस."

विठोबाने अंगठा दाबून धरला. निळा पडदा आला. हरेश्वर भिंत धरून खाली बसला आणि त्याने डब्याच्या पत्र्याला कान लावला. एकेक ओळ तो पाठ म्हणत होता आणि विठोबा करंगळीने खाली उतरत होता. दुसरी आहे तिथे पहिली. जपून ठेव. होय.

आत एक डिस्क फिरायला लागली. आवाज एकसारखा होता, टकटक नव्हती.

"आलं," विठोबा म्हणाला. "एकपासून काढायच्या?"

"एकपासून. क्रमाने. एकही सोडायची नाही."

दुपारपर्यंत विठोबा पावत्या छापत राहिला. त्याच्या स्वतःच्या खोलीची, चौतीस नंबरची आली तेव्हा त्याने ती बाकीच्यांसारखीच गठ्ठ्यावर ठेवली आणि पस्तीसची काढायला घेतली.